सूट घातला तरी अंगाला पावडर कशी लागते? डाग बघा, दोष सापडेल

भोसरी एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंग शॉपवर मी मेंटेनन्स बघतो. तिथे धातूच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर फवारून ओव्हनमध्ये पक्की करतात. रंग बदलायचा असला की बूथ, म्हणजे फवारणीची खोली, आतून साफ करावा लागतो, आणि त्यासाठी पोरं एकदा वापरून टाकायचा पांढरा सूट घालून आत जातात. बाहेर आली की दर वेळी तीच तक्रार: "सूट घातला होता की, तरी अंगभर पावडर!" आम्ही पातळ सूट बदलून जाड आणले. जाड बदलून महागडे आणले. तक्रार हलली नाही.

एका गुरुवारी ५०१५ नंबरचा आकाशी निळा चालू होता. आमचे सगळ्यात जुने हेल्पर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते बूथमधून बाहेर आले आणि सूट उतरवला. मी म्हटलं, "मामा, बनियनपण काढा, जरा बघू द्या." त्यांनी काढली. गळ्यात निळा गोफ घातल्यासारखी मानेभोवती रेघ. डाव्या मनगटाला बांगडीएवढा निळा पट्टा. मांडीच्या आतल्या बाजूला हातभर लांब ओघळ. आणि पाठ, पोट, खांदे अगदी कोरे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही इतके दिवस कापडाला दोष देत होतो. कापडातून पावडर आली असती तर सगळ्या अंगावर सारखी दिसली असती. ती आली होती गळ्यातून, मनगटातून आणि जांघेत उसवलेल्या शिलाईतून. पांढऱ्या किंवा करड्या रंगाच्या दिवशी हे कधीच कळलं नसतं. म्हणून पहिला सल्ला: सूट बदलण्याआधी गडद किंवा भडक रंगाच्या दिवशी माणसाच्या अंगावरचे डाग बघा. आत नवी पांढरी बनियन घाला म्हणजे ठिकाण नेमकं उठून दिसेल. पुढचं सगळं त्या डागांवरून.

मानेची रेघ

ही सगळ्यात जास्त दिसते, आणि हिचं मूळ बहुतेक वेळा उकाड्यात असतं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली, ओव्हनच्या शेजारी, बंद सूट घालून उभं राहून बघा. दहा मिनिटांत माणूस हनुवटीखालची चेन चार बोटं खाली ओढतो. यात हलगर्जीपणा नाही, जीव घाबरा होतो म्हणून ओढतो. आम्ही आधी ओरडायचो. ओरडून चेन वर राहत नाही. बूथ सफाई सकाळी सातच्या शिफ्टला नेली, एका माणसाला सलग जास्त वेळ आत ठेवणं बंद केलं, बाहेर पंख्याखाली बसायला बाक आणि लिंबूसरबत ठेवलं, तेव्हा चेन वर राहायला लागली. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात अर्धाच वेळ द्या, अंगाला उकाड्याची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. कुणी गरगरतंय म्हणाला, बोलणं असंबद्ध झालं किंवा घाम यायचा थांबला, तर आधी सूट फाडून मोकळा करा, सावलीत आणून अंगावर पाणी मारा आणि दवाखान्यात न्या. सूट वाचवायचा विचार करू नका.

आणखी एक गोष्ट मला मामांकडून कळली, तीही बरीच नंतर. लघवीला जायचं म्हणजे सगळा सूट काढावा लागतो, म्हणून पोरं सफाईच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नव्हती. उकाड्यात बंद सूट आणि वर पोटात पाणी नाही. मध्येच सूट काढला तर दुसरा नवा मिळेल, कुणी बोलणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागलं. पाण्याच्या तांब्याइतकीच ही हमी महत्त्वाची आहे.

चेन पूर्ण वर असूनही रेघ येत असेल तर टोपी आणि मास्कची जागा बघा. मास्क आधी, त्याचे पट्टे टोपीच्या आत, मग टोपी वर ओढायची, तिचं इलॅस्टिक मास्कच्या कडेवर बसलं पाहिजे. चेनवरची चिकटपट्टी पाठचा कागद काढून हनुवटीपर्यंत दाबायची. आमच्याकडे निम्म्या सूटांचा तो कागद तसाच असायचा. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला बसतच नाही, त्याला सूटाचा इलाज नाही.

मनगट आणि घोटा

इथे भात्याचं गणित आहे. माणूस खाली बसला की सूटातली हवा दाबली जाऊन बाहेर पडते. उठला की सूट फुगतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. लोहाराच्या भात्यासारखंच. कापडातून हवा जात नसेल तर ती वाट शोधते मनगटातून, घोट्यातून, गळ्यातून, आणि सोबत पावडर घेऊन येते. म्हणूनच आम्ही जाड, हवाबंद सूट आणल्यावर मनगटाचा पट्टा कमी न होता वाढला होता. कोरड्या धुळीच्या कामाला थोडी हवा जाऊ देणारं कापड बरं पडतं, ते याच कारणाने. सूट मापापेक्षा फार ढगळ असेल तर भाता आणखी मोठा.

मनगटावर इलाज सोपा आहे. बाहीच्या टोकाला अंगठ्याचा फास असेल तर तो आतल्या हातमोज्यावरून अंगठ्यात अडकवा, म्हणजे हात वर केला तरी बाही मागे सरकत नाही. मग बाहेरचा हातमोजा आणि त्यावरून टेप. टेप कातडीला लावायची नाही आणि करकचून आवळायची नाही. शेवटचं टोक दुमडून शेपटी ठेवा, नाहीतर काढताना मोजे घातलेल्या बोटांना टोक सापडत नाही आणि पोरं टेप दातांनी ओढतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

ओल्या कामात हातमोजा बाहीच्या आत की बाहेर, हे हाताच्या दिशेवर ठरतं. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्यावर हवी, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही. हात डोक्यावर ठेवून काम असेल तर मोजा बाहीवर, आणि त्याची कड उलटी दुमडून पन्हळीसारखी. बुटांचं मात्र एकच: सूटाचा पायजमा कायम बुटाच्या वरून, बाहेर.

जांघेतला ओघळ

सूट छोटा आहे, बाकी काही नाही. खरेदी खात्याला एकच माप मागवायला सोयीचं पडतं, आणि सहा फुटी माणूस त्यात वाकला की जांघेची शिलाई उसवते. आत दुसरी पँट असते, म्हणून कळतही नाही. सूट घातल्यावर बूथबाहेरच तीन हालचाली करून घ्या: दोन्ही हात पूर्ण वर, हाताची घडी घालून पुढे वाकणं, आणि उकिडवं बसणं. जांघ, काख किंवा पाठ कुठे ताणली गेली तर एक माप वर. पाकिटावर माणसाचं चित्र असतं, त्यात उंची आणि छातीचे आकडे सेंटीमीटरमध्ये छापलेले असतात. शर्टाच्या अंदाजाने एक्सएल मागू नका, ते आकडे बघा. आमच्याकडे आता तीन मापं कपाटात असतात, आणि कुणाचं माप कोणतं हे कपाटाच्या दारावर लिहिलंय.

छाती आणि मांड्यांवर सगळीकडे सारखा रंग

हा डाग मला बरेच दिवस उलगडत नव्हता, कारण तो कापडाकडेच बोट दाखवतो. एका संध्याकाळी बूथच्या मागच्या बाजूला गेलो आणि उलगडला. एक पोरगा एअर गन घेऊन दुसऱ्याच्या अंगावरची पावडर उडवत होता. लाइनला सहा बार प्रेशर. सूटाचं कापड धूळ अडवतं ती धूळ आपणहून येऊन बसते तेव्हा. सहा बारच्या फवाऱ्याने मारली तर ती कापडातून आरपार जाते. शिवाय उडालेली पावडर उघड्या हवेत, आणि तोवर मास्क गळ्यात आलेला. कॉम्प्रेस्ड हवा अंगावर मारणं तसंही जीवघेणं आहे, डोळा जातो, कातडीवरच्या जखमेतून हवा शरीरात शिरते.

त्याऐवजी व्हॅक्युमने अंगावरची पावडर खेचून घ्या. पण घरातला व्हॅक्युम नको, त्याच्या मोटरची ठिणगी पावडर पेटवू शकते. पेटणाऱ्या धुळीसाठी बनवलेला, अर्थिंग असलेला हवा. तो नसेल तर ओल्या फडक्याने वरून खाली पुसा.

हाताच्या आतल्या बाजूला आणि पोटावर फराटे

म्हणजे काम करताना सगळं ठीक होतं, उतरवताना घोळ झाला. शर्ट काढतो तसा सूट ओढून काढला की बाहेरची बाजू अंगाला घासते. उतरवायची रीत अशी: आधी अंग पुसून किंवा खेचून घ्यायचं, टेप काढायची, चेन उघडायची, टोपी मागे गुंडाळायची, मग खांद्यावरून सूट उलटा करत खाली आणायचा, आतली बाजू बाहेर येईल असा. बाहेरचे हातमोजे बाहीबरोबरच उलटे निघतात. कमरेपर्यंत आला की बाकावर बसून पायातून आणि बुटांवरून काढायचा. शेवटी मास्क, आणि मग साबणाने हात-तोंड. मास्क सगळ्यात शेवटी. हे एकच वाक्य आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, कारण घाम आला की माणूस आधी मास्कच ओढतो.

आणि हे सगळं बूथच्या बाहेर. आत सूट काढताना कापड कापडावर घासून स्थिर वीज तयार होते, आणि आजूबाजूला पावडर तरंगत असते.

पाकिटावर काय वाचायचं

दुकानदार सांगतो, "घ्या साहेब, नव्वद जीएसएम आहे, जाड आहे." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. त्यावरून काय अडतं ते कळत नाही. बघायचा तो टाइपचा नंबर. टाइप ५ हवेत उडणाऱ्या घन कणांसाठी, म्हणजे आमची पावडर, सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची धूळ, ग्राइंडिंगची धूळ. टाइप ६ हलक्या शिंतोड्यांसाठी. टाइप ४ फवाऱ्यासाठी, टाइप ३ जोराच्या धारेसाठी. द्रवांच्या बाबतीत नंबर जितका खाली, तितका बचाव जास्त आणि उकाडाही जास्त.

दोन गोष्टी मात्र पाकीट उघडपणे सांगत नाही. पहिली, टाइप ५ म्हणजे शून्य धूळ नव्हे. टाइप ५ चं मानक ईएन आयएसओ १३९८२, त्याची चाचणी माणसाला सूट घालून, धुळीच्या खोलीत चालवून, बसवून-उठवून होते, आणि दहापैकी आठ सूटांत सरासरी १५ टक्क्यांपर्यंत गळती मान्य असते. म्हणून कागदावर टाइप ५ असला तरी टेप आणि माप यांना पर्याय नाही. दुसरी, टाइप ६ च्या चाचणीत चार द्रव वापरतात: ३० टक्के सल्फ्युरिक ॲसिड, १० टक्के कॉस्टिक सोडा, ऑर्थो-झायलीन आणि ब्युटेनॉल. पास व्हायला चारपैकी एकाशी पुरेसं टिकलं तरी चालतं. ॲसिडवर पास झालेला सूट थिनरसमोर कागदासारखा असू शकतो. दुकानदाराकडून डेटाशीट मागा आणि तुमचा द्रव त्यात कुठे आहे ते बघा.

कोविडच्या वेळचे पीपीई किट अजूनही गोदामांत पडून असतात आणि स्वस्तात मिळतात. त्यांचं मानक आयएस १७४२३, २०२० सालचं. ते कृत्रिम रक्त कापडातून आत येतं का हे तपासतं, कारण काम दवाखान्याचं होतं. त्यावरून झायलीनबद्दल किंवा पावडरच्या आत ओढल्या जाण्याबद्दल काहीही कळत नाही. चार वर्षं पत्र्याच्या खोलीत पडलेल्या किटची शिलाईवरची टेप बोटाने ओढून बघा, आमच्याकडच्या तर सालासारख्या सुटल्या.

टाक्यांच्या बाजूला ओलं होतंय

पावडरच्या आधी जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, सेव्हन टँकमधून जातो: डिग्रीजिंग (तेल काढणं), पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं), फॉस्फेटिंग (रंग धरायला फॉस्फेटचा थर). टाकीत ॲसिड किंवा कॉस्टिक भरणारा माणूस तोच बूथचा पांढरा सूट घालून जात असेल तर ती चूक आजच थांबवा. आमच्याकडे एकाच्या गुडघ्यावर लाल चट्टा उठला होता. सूटाला भोक नव्हतं. तो सांडलेल्या ॲसिडवर गुडघा टेकून व्हॉल्व्ह बघत होता. अंगाच्या वजनाने द्रव कापडातून दाबला गेला. साध्या शिवलेल्या सूटात सुईच्या भोकांतूनही द्रव आत येतो, म्हणून टाकीच्या कामाला शिलाईवर टेप बसवलेला टाइप ३ किंवा ४ लागतो, वर पीव्हीसी एप्रन, गमबूट आणि फेसशील्ड.

सॉल्व्हंटचा प्रकार आणखी फसवा आहे. कापड कोरडं दिसतं, भोक नसतं, आणि तरी रेणू-रेणूने द्रव आत झिरपतो. त्याला किती मिनिटं लागतात हा आकडा प्रत्येक रसायनाचा वेगळा असतो आणि चांगला उत्पादक तो देतो. आकडा मिळत नसेल तर तो सूट त्या कामासाठी घेऊ नका.

अंगावर पडलंच तर सूट नीट काढत बसायचं नाही. शॉवरखाली उभं राहून, पाणी चालू ठेवून तो उतरवायचा, आणि कमीत कमी १५ मिनिटं धुवायचं.

ओल्या कामाचा सूट गळतो का हे ॲसिड न वापरता बघता येतं. बादलीभर पाण्यात कपड्यांचं टिनोपाल मिसळा, आत नवा काळा टी-शर्ट घाला, सूट चढवून फवारणीच्या पंपाने अंगावर मारा. मग सूट उतरवून अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली टी-शर्ट बघा. जिथे पाणी शिरलं तिथे निळसर चमकतं. टी-शर्ट आधी दिव्याखाली बघून घ्या, साबणपावडरीत धुतलेला असेल तर तो आधीपासूनच चमकतो.

स्थिर विजेबद्दल थोडं

पाकिटावर ईएन ११४९, म्हणजे स्थिर विजेचं मानक, लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. सूटावरचा चार्ज जमिनीत जायला माणूस अर्थ झालेला हवा: अँटिस्टॅटिक बूट, आणि खाली पावडरचा थर न साचलेली जमीन. साधे रबरी गमबूट घातले तर तो चार्ज अंगातच राहतो. शिवाय बऱ्याच सूटांवरचा अँटिस्टॅटिक थर हवेतल्या ओलाव्यावर चालतो आणि २५ टक्क्यांखाली आर्द्रता गेली की भरवसा राहत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी हवा सहज तितकी कोरडी होते. सफाई सकाळी नेण्याचं हेही एक कारण. सूट धुवून परत वापरला तर तो थर निघून जातो, म्हणून धुवायचा नाही. गरम ओव्हनजवळही हा सूट नको. बऱ्याच सूटांच्या कापडातलं पॉलिएथिलीन हे प्लास्टिक १३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटतं.

वापरलेले सूट भंगारात किंवा पोछ्याला देऊ नका. कुणाच्या तरी घरी पोरांच्या हातात जातात. रंग लागलेले सूट धोकादायक कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत, लेबल लावून. नियमानुसार ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. अशा कचऱ्याची आपल्या जिल्ह्याची सामाईक सोय रांजणगावला आहे.

मागच्या महिन्यात पुन्हा ५०१५ लागला. मामा सकाळी नवाला बाहेर आले, रीतसर सूट उतरवला आणि मी न सांगताच बनियन काढून उभे राहिले. मान कोरी, जांघ कोरी. डाव्या मनगटावर मात्र तांदळाएवढा निळा ठिपका. टेपची शेपटी जिथे संपली होती, बरोबर तिथे. मामा म्हणाले, "भाऊ, उद्यापासून एक वेढा जास्त मारतो."